थिजणे आणि गोठणे

आम्हा रत्नागिरीकरांना थंडी कळते ती खोबरेलाच्या बाटलीवरून. पारा २४ अंशांच्या खाली सरकला की तेल थिजते, आणि घरातले कुणीतरी बाटली ऊन पाण्यात धरून बसते. यापलीकडे थंडीने आमचे कधी काही अडवलेले नाही.

पण आता मंडळी दूरदूर जाऊ लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, आणि चाकांवरचे घर आपल्याकडेही ओळखीचे झाले. माझा एक जुना विद्यार्थी असेच घर घेऊन डिसेंबरात बायकामुलांसह मनालीला निघाला आहे. "सर, गाडीतले पाणी थिजले तर थिजले! सकाळी वितळेल," असे तो म्हणाला, तेव्हा मराठीच्या प्राध्यापकाला बोलणे भागच पडले.

थिजणे आणि गोठणे हे शब्द शेजारी नांदत असले, तरी येथे त्यांचे स्वभाव अगदी उलट! खोबरेल थिजताना आक्रसते. बाटलीला धक्का लागत नाही. पाणी मात्र गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. नळीत बर्फाचे बूच बसले की ते आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि नळी फुटते. मौज अशी की, हे रात्री कळतच नाही. सकाळी बर्फ वितळला की मुलांची अंथरुणे भिजू लागतात, आणि बाहेर तर हाडे गोठवणारा गारठा!

तेव्हा खबरदारी घ्यावी ती निजण्यापूर्वीच. टाकी भरून झाली की बाहेरची नळी सोडून, निथळून आत ठेवावी. मोरीखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतली ऊब नळ्यांपर्यंत पोहोचते. उघड्यावरच्या नळ्यांना उबदार वेष्टन घालावे. गाडी काही दिवस बंद ठेवायची असेल, तर टाकी, पंप आणि नळ्या पुऱ्या रिकाम्या कराव्यात. मोटारीच्या रेडिएटरमधले एथिलीन ग्लायकॉल पाण्याच्या नळ्यांत चुकूनही घालू नये. ते चवीला गोड, पण जहर आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे वेगळे द्रावण मिळते. तेही वापरापूर्वी धुऊन काढावे लागते.

इतके करूनही नळी गोठलीच, तर आधी नळ उघडावा आणि नळाच्या बाजूने केस वाळवण्याच्या यंत्राने हळूहळू ऊब द्यावी. काडी किंवा स्टोव्ह जवळ नेऊ नये.

आणि गृहिणींनी एक करावे: पिण्याचे पाणी रात्रीच भांड्यांत भरून, झाकून, गाडीच्या आत ठेवावे. सकाळी नळ रुसला, तरी चहाचे आधण अडायला नको!