कुर्ल्याची पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबेसेडर

दोघींचे माहेर परदेशातले. पद्मिनी मूळची इटलीची फियाट 1100. अँबेसेडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली.

पद्मिनीचे पेट्रोल इंजिन 1089 सीसीचे, अँबेसेडरचे 1489 सीसीचे. कागदावर ताकद अँबेसेडरकडे. पण पद्मिनीचे वजन जेमतेम 900 किलोच्या आसपास, त्यामुळे मुंबईच्या गर्दीत ती झटकन वळायची, चिंचोळ्या गल्लीत अलगद शिरायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला. मधली जागा मोकळी, म्हणून पुढच्या सलग बाकावर ड्रायव्हरशेजारी दोघे सहज मावत. किती सुटसुटीत रचना!

मागच्या सीटवर मात्र अँबेसेडरला तोड नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 2464 मिलिमीटर, पद्मिनीपेक्षा सुमारे 12 सेंटिमीटरने जास्त. पाय पसरून बसावे ते हिच्यातच. नव्वदच्या दशकात तिला इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तेव्हा वेगातही ती पुढे गेली.

अँबेसेडरचे उत्पादन 2014मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्या बरेच आधी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर 2023मध्ये रस्त्यावरून उतरली.