दोन वाटांचा एक आवाज

एक सोपा प्रयोग करा. डोळे घट्ट मिटून खोलीच्या मध्यभागी बसा आणि भावाला किंवा बहिणीला बोलत बोलत खोलीभर फिरायला सांगा. आवाज कुठून येतो आहे, ते तुम्ही डोळे न उघडता बोटाने दाखवू शकाल. आता एका कानात बोट घालून तोच प्रयोग पुन्हा करा. या वेळी तुमचे बोट बरेचदा भलत्याच दिशेला जाईल!

असे का होते? बोलणारा तुमच्या उजवीकडे असेल, तर त्याचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्या कानात किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो. शिवाय मधे डोके येत असल्यामुळे डाव्या कानातला आवाज थोडा क्षीणही असतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो.

दोन कानांच्या या करामतीचा उपयोग ध्वनिमुद्रणात केला, की त्याला स्टिरिओ म्हणतात. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचावरील गाणे तारांमधून दूरच्या खोलीत पोचवले. श्रोते दोन्ही कानांना एकेक टेलिफोन लावून ऐकत आणि गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना कळे. पुढे १९३१ मध्ये ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने दोन स्वतंत्र मार्गांनी आवाज नोंदवण्याच्या आणि ऐकवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. आज आपण ऐकतो ती बहुतेक सारी गाणी अशा दोन मार्गांची, म्हणजे डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगळी, नोंदलेली असतात. दोन्हीकडे एकच नोंद ऐकवली, तर त्या नोंदीला मोनो म्हणतात.

पुस्तकाला किती मार्ग हवेत?

आता असे समजा, की दृष्टिहीन मित्रासाठी तुम्ही इतिहासाचे पाठ्यपुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करणार आहात. वाचणारा एकच, बसलेलाही एकाच जागी. इथे ना वाद्यवृंद, ना रंगमंचावरची ये-जा. मग डावा कान आणि उजवा कान यांना वेगवेगळे काय ऐकवायचे? काहीच नाही! म्हणून बोलक्या पुस्तकाला बहुधा मोनोच पुरते.

पुरते एवढेच नव्हे, तर जागाही निम्मी लागते. साध्या कॅसेटच्या फितीवर चार समांतर पट्टे असतात. एका बाजूचा डावा व उजवा असे दोन, आणि दुसऱ्या बाजूचे दोन. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने अंध वाचकांसाठी बनवलेल्या कॅसेटमध्ये या चारही पट्ट्यांवर पुस्तकाचा वेगवेगळा भाग नोंदवला जाई. त्यामुळे वेळ दुप्पट झाला. शिवाय फीत निम्म्या वेगाने फिरवली जाई, म्हणून तो आणखी दुप्पट झाला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशा रीतीने सहा तासांचे वाचन मावे. अर्थात, ती ऐकण्यासाठी खास यंत्र लागे.

संगणकाचा हिशेबही असाच आहे. संगणक आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि ते आकडे साठवतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या पद्धतीत सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक आकड्याला २ बाइट लागतात. म्हणजे एका मार्गाला तासाला सुमारे ३२ कोटी बाइट आणि दोन मार्गांना सुमारे ६४ कोटी!

बेरीज करताना सावधान!

पण अडचण अशी, की आजची पुष्कळशी ध्वनिमुद्रण यंत्रे सुरुवातीपासूनच दोन मार्गांत नोंद करतात. मग या दोहोंचे एक कसे करायचे? उत्तर सोपे वाटते : डाव्या आणि उजव्या मार्गाच्या आकड्यांची बेरीज करा आणि दोनाने भागा.

समजा, एका क्षणी दोन्हीकडे लाटेची उंची ६ आहे. बेरीज १२, सरासरी ६. झाले काम. दोनाने भागायचे का? तर यंत्राची मर्यादा १० असेल, तर १२ त्यात मावणार नाही. लाटेचा माथा छाटला जाईल आणि आवाज फाटेल.

सरासरीचा एक फायदाही आहे. मुद्रणात थोडी खरखर असतेच. दोन्ही मार्गांतला आवाज सारखा असला, तरी त्यांच्या यंत्रणांची खरखर सारखी नसते. ती एकीकडे वर, तर दुसरीकडे खाली असू शकते. त्यामुळे सरासरीत आवाज तेवढाच राहतो आणि खरखर मात्र सुमारे सात-दशांश होते.

पण दोन्ही मार्गांत सारखाच आवाज असेल, हे गृहीत धरू नका. कधी मायक्रोफोन फक्त डाव्या मार्गाला जोडलेला असतो आणि उजवीकडे नुसती खरखर असते. इथे ६ आणि ० यांची सरासरी ३ येते. वाचन अर्धे क्षीण होते आणि उजवीकडची खरखर त्यात फुकट मिसळते. अशा वेळी बेरीज न करता डावा मार्ग तेवढा ठेवावा.

आता सर्वांत फसवा प्रकार पाहा. काही मायक्रोफोनांच्या केबलमधून एकच आवाज दोन तारांनी जातो, एकीतून सुलटा आणि दुसरीतून उलटा. त्यासाठी बनवलेल्या यंत्रात यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट गाळला जातो. पण हीच केबल चुकून स्टिरिओ जोडणीत लावली, तर डावीकडे +६ असताना उजवीकडे −६ नोंदले जाते. बेरीज किती? शून्य!

जात्याचा खुंटा दोघींनी एका दिशेला ओढला, तर जाते झरझर फिरते. दोघींनी सारख्याच जोराने विरुद्ध दिशांना ओढला, तर ते जागचे हलत नाही. लाटांचेही तसेच. गंमत अशी, की दोन्ही कानांना इअरफोन लावून ऐकणाऱ्याला ही चूक सहसा कळत नाही. आवाज थोडा विचित्र, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो, एवढेच. पण ज्याच्या यंत्राला एकच स्पीकर आहे आणि जे यंत्र दोन्ही मार्गांची बेरीज करून ऐकवते, त्याला तोच धडा जवळजवळ ऐकूच येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्या मित्राच्या हाती मुके पुस्तक पडते!

यावर उपाय अगदी सोपा आहे. एका मार्गाचे चिन्ह उलटे करून मग सरासरी घ्यावी, किंवा दोहोंपैकी एकच मार्ग ठेवावा.

कंगव्याचे दात

वाचणाऱ्यापुढे दोन मायक्रोफोन वेगवेगळ्या अंतरांवर ठेवले असतील, तर निराळीच खोड उद्भवते. समजा, दुसरा मायक्रोफोन पहिल्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे त्याच्याकडे आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका उशिरा पोचेल. सेकंदाला ५०० कंपने असलेल्या स्वराची एवढ्या वेळात बरोबर अर्धी लाट होते. त्यामुळे एकीकडे लाटेचा माथा, तर दुसरीकडे खळगा येतो, आणि बेरजेत हा स्वर दबतो. १५००, २५००, ३५०० कंपनांच्या स्वरांचेही तेच होते. १०००, २०००, ३००० कंपनांचे स्वर मात्र जोर धरतात. यांचा आलेख काढला, तर तो कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. ऐकताना वाचणारा जणू नळकांड्यात तोंड घालून बोलतो आहे असे वाटते. हा दोष चिन्ह उलटून जात नाही. इथे जवळच्या मायक्रोफोनचा मार्ग ठेवून दुसरा सोडून द्यावा, हेच शहाणपण.

म्हणून मोनो करण्यापूर्वी मुद्रण तीनदा ऐकावे : एकदा फक्त डावा मार्ग, एकदा फक्त उजवा आणि एकदा दोन्हींची बेरीज. तीनही वेळा आवाज सारखाच स्वच्छ असेल, तर खुशाल सरासरी घ्या. बेरीज ऐकताना आवाज खोल गेला किंवा पोकळ झाला, तर आधी कारण शोधा. आणि मूळ स्टिरिओ नोंद लगेच पुसू नका. दोहोंचे एक करता येते, पण एकातून पुन्हा दोन वेगळे काढता येत नाहीत.

करून पाहा

आलेख कागदावर एक लाट काढा. तिच्याखाली तशीच दुसरी लाट अर्ध्या लाटेने सरकवून काढा. प्रत्येक चौकटीतील उंचींची बेरीज करून तिसरी रेघ काढा. ती सपाट येईल. आता दुसरी लाट पाव लाटेने सरकवून पाहा. काय मिळते?

आणि हे कोडे : दोन मायक्रोफोनांच्या अंतरात ३४ ऐवजी १७ सेंटिमीटरचा फरक असेल, तर कोणकोणते स्वर दबतील?

(उत्तर : सेकंदाला १०००, ३०००, ५०००... कंपने असलेले.)