पाणी कुठे मुरते?

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण सहज म्हणतो. आमच्या जुन्या अँबॅसडरमध्ये ते खरोखरच मुरत होते. ही गाडी २०१४ साली बनायची थांबली. तळाचा पत्रा सडला, तर वडिलांचा भाड्याचा धंदाच बसणार!

वडील दाराच्या रबराला दोष देत. मी म्हटले, तपासून पाहू. चटई काढली, आतला पत्रा पुसून त्यावर खडूची भुकटी चोळली. वडिलांनी बाहेरून पाईपने पाणी सोडले. आधी खाली, मग वर. वरून सुरुवात केली, तर सगळेच भिजते आणि काही कळत नाही. मी आत बॅटरी घेऊन बसलो.

दार भिजले, आत थेंब नाही. पुढची काच भिजताच भुकटीवर ओघळ उमटला! काचेच्या रबरातून शिरलेले पाणी डॅशबोर्डामागून पायाशी उतरत होते. डबके एकीकडे, वाट दुसरीकडे!

शाळा न पाहिलेले वडील म्हणाले, “कॉलेजात घातल्याचं चीज झालं!”