कपाटातली खाण

ईद जवळ आली की घराघरांत साफसफाई सुरू होते. आम्हीही कपाटाचा खालचा खण रिकामा केला. त्यात बंद पडलेले चार मोबाइल, एक पॉवर बँक आणि लॅपटॉपची फुगलेली बॅटरी निघाली. "भंगारवाल्या चाचांना देऊन टाकू का?" मुलाने विचारले. आम्ही त्याला थांबवले.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्या आत तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ पत्रा असतो. तांब्यावर ग्राफाइटचा थर, तर अ‍ॅल्युमिनियमवर लिथियमच्या संयुगाचा. या संयुगात बहुधा कोबाल्ट, निकेल, मँगनीजही असते. जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो. तिथल्या हाताने खोदल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलेही राबतात. आपल्या देशाला लिथियम आणि कोबाल्ट यांसाठी परदेशावरच अवलंबून राहावे लागते.

हे धातू परत मिळवता येतात. कारखान्यात आधी बॅटरीतली उरलेली वीज काढून टाकतात. मग बंदिस्त यंत्रात तिचा चुरा करतात. तांबे, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक वेगळे झाले की काळी भुकटी उरते. खरी किंमत तिचीच. ती आम्लात विरघळवून त्यातून कोबाल्ट, निकेल, लिथियम एकेक करून वेगळे काढतात. भट्टीत वितळवण्याचीही पद्धत आहे. पण तिच्यात लिथियम बहुतेक मळीत जाते.

मग भंगारात देण्यात वाईट काय? कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत आपल्या कितीतरी कुटुंबांची चूल भंगारावर पेटते. हा कष्टाचा, इज्जतीचा धंदा आहे. पण ही बॅटरी हातोड्याने फोडली, तर आतल्या आत वीज जुळून भडका उडतो आणि विषारी वायू निघतो. थोड्याशा तांब्यासाठी एखाद्या पोराचे हात आणि फुफ्फुसे पणाला लागतात.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या जमिनीत पुरण्यास आणि जाळण्यास मनाई आहे.

आपण काय करायचे? बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या जागी वेगळी ठेवावी. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, टोचू नये. कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवावी. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावी. ओळखीचे भंगारवाले असतील, तर त्यांनाही सांगावे: फोडू नका, अख्खीच पुढे अधिकृत कारखान्याला विका.

आमच्या मुलाने डब्यावर कागद चिकटवून लिहिले, "चाचा, हे फोडायचं नाही." डबा आता सर्व्हिस सेंटरला जाईल, चाचांना मात्र तो हे तोंडी सांगणार आहे.