शालेय विद्यार्थ्यांची आरोग्य पाहणी : ती नाव का विचारीत नाही?

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले की वजनकाटा निघतो, उंची मोजतात, दात व डोळे पाहतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी होते. तेथे प्रत्येक मुलाचे नाव लिहावेच लागते, कारण दोष आढळला तर त्या मुलाला उपचारासाठी पुढे पाठवायचे असते. पाहणी, म्हणजे सर्व्हे, ही गोष्ट निराळी आहे. तिला एकट्या मुलाचे नव्हे, तर हजारो मुलांचे एकत्रित चित्र हवे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ पासून अनेक देशांत घेतलेली शालेय विद्यार्थी आरोग्य पाहणी हे याचे चांगले उदाहरण होय. साधारण १३ ते १७ वर्षांची मुले-मुली एका तासिकेत प्रश्नावली भरतात. शाळा आणि वर्ग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निवडले जातात. हुशार मुले निवडून पुढे बसविण्याची सोय तेथे नाही. प्रश्न साधे, पण थेट असतात. घरात पुरेसे अन्न नसल्यामुळे गेल्या तीस दिवसांत किती वेळा उपाशी राहावे लागले? काळजीमुळे रात्री झोप लागत नाही, असे किती वेळा झाले? जिवलग मित्र किती आहेत?

आता विचार करा. उपाशीपोटी शाळेत आलेल्या मुलीच्या कागदावर तिचे नाव असेल आणि तो कागद वर्गशिक्षकांच्या हाती जाणार असेल, तर ती काय लिहील? ‘कधीच नाही’ असेच लिहील. गरिबीपेक्षा गरिबीची वाच्यता मुलांना जास्त बोचते. म्हणून कागदावर नाव नको, भरताना शिक्षकांनी बाकांमधून फेऱ्या मारू नयेत, आणि शेजाऱ्याने डोकावू नये. (गुण मिळणार नाहीत असे सांगूनही डोकावणारे असतातच!) एवढे सांभाळले नाही, तर आलेले आकडे छापील असूनही खोटे ठरतात.

आकडे वाचताना आणखी एक प्रश्न विचारावा : उत्तरे कोणाची आहेत? वरील पाहणी भारतात २००७ साली झाली, ती केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत. जिल्हा परिषदेच्या शाळेतील किंवा आश्रमशाळेतील मूल तिच्यात नाही. पुढे २०२२ च्या जानेवारी ते मार्चमध्ये एन.सी.ई.आर.टी.ने सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्थितीविषयी विचारले. नाव देणे ऐच्छिक होते. अभ्यास, परीक्षा व निकाल यांची चिंता वाटते, असे सुमारे ८१ टक्के मुलांनी सांगितले. हा आकडा पालकांनी अवश्य लक्षात घ्यावा.

परंतु जानेवारी ते मार्च हा आपल्याकडे ऊसतोडीचा भर हंगाम. आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल त्या दिवसांत वर्गात नसते. ते परीक्षेला घाबरते की नाही, रात्री जेवते की नाही, हे वर्गात घेतलेल्या पाहणीला समजत नाही. आपल्या वस्तीत कोणी अशी पाहणी घेणार असेल, तर हजेरीपटावर नाव असून वर्गात नसलेली मुले आधी मोजावीत, आणि त्यांच्यासाठी निराळा दिवस ठेवावा.