खटखटणाऱ्या यंत्राचे गाव

के. आर. पुरमचे नाव काढले की बेंगळुरूकर आधी वाहतूक कोंडीबद्दल बोलतो. टिन फॅक्टरीचा थांबा, रेल्वेरुळांवरून 2003 मध्ये झालेला तारांचा पूल, 2023 मध्ये आलेली मेट्रो : सगळी चर्चा इथून पुढे कसे सटकायचे याची. जुन्या मद्रास रस्त्यावरचे हे ठिकाण तसे पूर्वीपासून वाटेतलेच. पुढे होसकोटे, मग कोलार. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळुरूबरोबर ही दोन्ही ठाणी होती. मराठी माणसाला इथे घोड्यांच्या टापा ऐकू येऊ लागतात, आणि त्यात गैर काही नाही. पण लोक इथे मोठ्या संख्येने मुक्कामाला राहिले ते फार उशिरा, आणि एका यंत्रामुळे.

1948 मध्ये इथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, सुरू झाली. स्वतंत्र भारताचा हा पहिला सार्वजनिक उद्योग. कारखान्याभोवती क्वार्टर्स, शाळा, दवाखाना अशी वसाहत उभी राहिली, तिचे नाव दूरवाणीनगर. तंत्र आले लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीकडून, आणि ते होते स्ट्रोजर पद्धतीचे.

आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा, अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा गृहस्थ. एक्स्चेंजमधली ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याचा समज झाला, म्हणून त्याने ऑपरेटरच नको असे यंत्र शोधले, असे सांगतात. पेटंट मिळाले 1891 मध्ये. डायल फिरवून सोडली की परत येताना ती विजेचा प्रवाह आकड्याइतक्या वेळा तोडते. शून्याला दहा वेळा. प्रत्येक ठोक्याला एक्स्चेंजमधला सिलेक्टर एक पाऊल टाकतो. नंबराच्या शेवटी 47 असेल, तर शेवटचा सिलेक्टर चार पायऱ्या वर चढतो, सात घरे वळतो आणि शेजाऱ्याच्या घरी घंटा वाजते. एका फोनसाठी असे कितीतरी सिलेक्टर. दिवसभर खटखट.

या खटखटीत दूरवाणीनगरचा सगळा जमाखर्च आहे. सिलेक्टर म्हणजे दाते, पट्ट्या, स्प्रिंगा, रिले. ते घडवायला लेथ आणि प्रेस, गुंडाळ्या भरायला सवयीची बोटे, जुळवणीनंतर तपासायला आणखी माणसे. यंत्रात हलणारे भाग जितके जास्त, तितक्या नोकऱ्या जास्त. आज जी त्या तंत्राची उणीव म्हणून सांगतात, तिच्यावर हजारो कुटुंबे उभी होती.

1964 मध्ये कंपनीने अँटवर्पच्या बेल टेलिफोन मॅन्युफॅक्चरिंगशी क्रॉसबार या नव्या पद्धतीच्या एक्स्चेंजसाठी करार केला. क्रॉसबारचा पेंटाकाँटा हा प्रकार युरोपात नीट चालत होता, इथे मात्र धापा टाकू लागला. कारण आपल्या चाळींना आणि वाड्यांना चांगलेच ठाऊक आहे. तिकडे फोन एका घराचा असे. इथे एक फोन अख्ख्या मजल्याचा. व्हिजिटिंग कार्डावर स्वतःच्या नावाखाली शेजाऱ्याचा नंबर आणि पुढे ‘पी.पी.’ छापणारी माणसे त्या युरोपीय आराखड्यात धरलेलीच नव्हती. फोन थोडे, पण प्रत्येकावर बोलणी ढीगभर. मग आराखड्यात बदल करावे लागले.

फोनसाठी वर्षानुवर्षे थांबलेली पिढी त्या प्रतीक्षेचा दोष ‘सरकारी कारखाना, सुस्तच असणार’ असे म्हणून कारखान्यावर टाकते. मला हा निवाडा अर्धाच पटतो. आयटीआयचे मुख्य गिऱ्हाईक एकच, सरकारी दूरसंचार खाते. किती एक्स्चेंज घ्यायची हे ठरे योजनेच्या तरतुदीत, आणि तिथे फोन ही बराच काळ चैनीची वस्तू मानली गेली. मागणी दाराबाहेर ताटकळत होती आणि ऑर्डर मात्र दिल्लीतून मोजून येत होती.

1980च्या डिसेंबरात बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यांत मोठा संप झाला : आयटीआय, एचएएल, एचएमटी, बीईएल, बीईएमएल. तो 77 दिवस चालला. त्यानंतर लवकरच डिजिटल एक्स्चेंज आली, ती बनवायला फ्रेंच सहकार्याने नवा कारखाना निघाला उत्तर प्रदेशात मनकापूरला. 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, तिचे लहान एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय खेड्यात चालू लागले. देशाच्या दृष्टीने उत्तमच. दूरवाणीनगरच्या दृष्टीने, ज्या कामाला एक अख्खी शेड लागे ते आता सर्किटच्या काही पाट्यांवर मावू लागले. 1991 नंतर बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या उतरल्या, मोबाइल आला आणि आयटीआय तोट्यात रुतली. दिलीप सुब्रमण्यन यांनी या कारखान्याचा सामाजिक इतिहास लिहिला आहे, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या उपनगराच्या वाट्याला इतके बारकाईचे पुस्तक सहसा येत नाही.

कंपनी बंद मात्र पडली नाही. शेजारच्या बैयप्पनहळ्ळीतल्या एनजीईएफ या विजेची यंत्रे बनवणाऱ्या सरकारी कारखान्याला कुलूप लागले, आयटीआय मात्र खेड्यांना इंटरनेट जोडणाऱ्या भारतनेटसारखी सरकारी कामे घेत आणि डेटा सेंटर चालवत टिकून आहे. तिच्या समोरून व्हाइटफील्डकडे संगणकवाल्यांचे लोंढे रोज जातात. त्यांच्यातल्या अनेकांना टेलिफोन एक्स्चेंज हे पाहायला जाण्यासारखे काही असते, हेही ठाऊक नसावे.