कुंडीत गुदमरलेलं ऑर्किड

पनवेलमध्ये पावसाळा सुरू झाला की ओळखीच्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. "ऑर्किडची पानं लोंबलीत हो, सुरकुत्या पडल्यात. रोज पाणी घालते तरी!" या वाक्यातला 'तरी' काढून तिथे 'म्हणून' घातला, की निदान बहुतेक वेळा पुरं होतं.

पान सुरकुतलं म्हणजे झाड तहानलेलं, हा समज सगळ्यांत घातक. पानात पाणी पोचत नाही हे खरं, पण ते का पोचत नाही हे कुंडीच्या आत पाहिल्याशिवाय कळत नाही. आपल्या बाजारात सर्रास मिळणारं फॅलेनॉप्सिस मुळात आग्नेय आशियातल्या जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढणारं. त्याच्या मुळांवर 'वेलामेन' नावाचं मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस पडला की ते झटकन पाणी ओढून घेतं, आतला हिरवा रंग दिसू लागतो. वाळलं की पुन्हा चंदेरी होतं. ओलं होणं आणि वाळणं या दोन्हींसाठी ते मूळ घडलेलं आहे. सतत ओलं राहिलं तर त्यात हवा शिरत नाही, मूळ गुदमरतं आणि बुरशी त्याचा ताबा घेते. मूळ कुजलं की पाणी वर चढत नाही, पान सुरकुततं, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो.

मग सह्याद्रीत चार महिने पाऊस कोसळतो, तिथली ऑर्किडं कशी जगतात? त्यांतलंच एक, सीतेची वेणी, आंब्याच्या किंवा ऐनाच्या खडबडीत सालीला धरून असतं. मुळांवर पडलेलं पाणी निथळून जातं आणि वारा ती सुकवतो. पावसाचं पाणी त्यांना मारत नाही. साचलेलं पाणी मारतं.

ही झाडं बांडगुळं आहेत असं अजूनही अनेक जण मानतात आणि आंब्यावरून खरवडून काढतात. बांडगूळ यजमान झाडाच्या आत शिरून त्याचं पाणी आणि क्षार पितं. ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. ऑर्किडला वारा लागतो हे न ओळखल्यानेही एके काळी फार नुकसान झालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये उष्ण प्रदेशांतून आणलेली ऑर्किडं कोंदट, वाफेने भरलेल्या काचघरांत ठेवत आणि ती ढिगाने मरत. जोसेफ पॅक्स्टनसारख्या बागकामतज्ज्ञांनी काचघरात वारा खेळवला, तेव्हा ती तगू लागली.

ऑर्किड म्हणजे परदेशी चैन, हेही खरं नाही. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ १९६६ सालचा, आणि तो आपल्याच डोंगरांतल्या ऑर्किडांवर आहे. म्हणून कुणी "घरचं मेलं तर कर्नाळ्याहून आणू" म्हणालं की मला वाईट वाटतं. कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य आहे. तिथून परवानगीशिवाय झाड आणणं गुन्हा आहे. शिवाय ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय रुजत नाही. एक झाड उपटलं तर त्या जागी दुसरं सहज येत नाही. हाताशी आहे तेच वाचवणं बरं.

त्यासाठी झाड कुंडीतून काढून जुनं माध्यम पूर्ण सोडवायचं. रोपवाटिकेतून आलेल्या झाडात पुष्कळदा मुळांच्या मध्यभागी शेवाळाचा किंवा काथ्याचा घट्ट बोळा असतो. वरचं कोरडं दिसतं तेव्हाही तो ओला असतो, आणि कूज तिथूनच सुरू होते. मुळं धुऊन एकेक चिमटीत दाबून पाहावं. रंगावर विसंबू नये; उजेड न मिळालेली मुळं पिवळट असूनही धडधाकट असतात. टणक लागतं ते जिवंत. पिचपिचीत, पोकळ, साल ओढली की आत दोऱ्यासारखी तार उरते ते मेलेलं. तेवढंच कापायचं, आणि कात्री आधी ज्योतीवर नीट तापवून घ्यायची, कारण विषाणू हत्यारांवरून पसरतात.

कापल्यावर दालचिनीची पूड चोपडा, असा सल्ला हमखास मिळतो. दालचिनी बुरशीला अटकाव करते, पण ती कोरडं पाडते. जिवंत मुळावर पडली तर उरलेलं मूळही वाळू शकतं. पानाच्या जखमेवर लावावी. मुळांना एक दिवस सावलीतला वारा पुरे.

कुंडीबाहेर लोंबणारी मुळं कुरूप म्हणून छाटू नयेत, आत कोंबूही नयेत. कुजलेल्या झाडात बहुधा तीच शाबूत असतात. लुळी पानंही राहू द्यावीत, झाडाची शिदोरी त्यांतच आहे. फुलांचा दांडा मात्र कापावा. नवी कुंडी उरलेल्या मुळांपुरती, लहान आणि भोकांची हवी. मोठी कुंडी उशिरा वाळते. माती आणि शेणखत नकोच. कोकणच्या पावसाळ्यात मी लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे जास्त घेते, नारळाची सोडणं कमी. तीही दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून, म्हणजे त्यांतला खार निघतो. खताची घाई करू नये. शोषायला मुळंच नसताना खतातले क्षार उरलेल्या मुळांना जाळतात. नवं मूळ बोटभर वाढलं की पुडीवरच्या मात्रेच्या पाव मात्रा.

एकही मूळ उरलं नाही तरी झाड मेलेलं नसतं, शेंडा टणक असेल तर. अशा झाडाला ओल्या शेवाळासह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करण्याची रीत कोरड्या हवेच्या देशांतली. पनवेलची जुलैतली हवा स्वतःच दमट असते. बंद पिशवीत शेंडा कुजतो. ओलसर शेवाळावर बुंधा नुसता टेकवून, झाड जरा कलतं ठेवून, उजेड आणि वारा असलेल्या सावलीत ठेवावं. जंगलातही ते असंच कलून वाढतं, त्यामुळे पानांच्या बेचक्यात पाणी थांबत नाही. डेंड्रोबियमची निष्पर्ण कांडी टणक असेल तर तीही टाकू नये. तिच्या पेरातून पिल्लू फुटू शकतं. फॅलेनॉप्सिसचा शेंडा काळा पडून मऊ झाला, तर मात्र बुंध्यातून बाजूला फूट आली तरच आशा.

याला महिने लागतात. सुरकुतलेलं जुनं पान बहुधा पूर्वीइतकं ताठ होत नाही, तेव्हा त्याच्याकडे बघून पाणी वाढवू नये. पाहायचं ते बुंध्याशी, पानांच्या खाली. तिथे एखाद्या सकाळी मोहरीएवढं हिरवं किंवा लालसर टोक दिसतं. तेच नवं मूळ.